भिंतीतलं डोकं

निळा रंग वाळला आणि वडलांचं डोकं पुन्हा वर आलं.

कृष्णकांत तेव्हा चहाची बशी ओठांना लावून माजघराच्या उंबऱ्यात उभा होता. रात्री कंदिलाच्या उजेडात भिंत कशी स्वच्छ, नीळ दिलेल्या धोतरासारखी दिसली होती. आणि आता, बसलेल्या माणसाचं डोकं जिथं टेकतं बरोबर त्या उंचीवर, एक तपकिरी गोल. आधी त्याला वाटलं सावली असेल. पण बशीतला चहा संपेस्तोवर गोलाला कड आली, कडेला चमक आली, आणि डाव्या अंगाला तो जरासा चपटा आहे हेही दिसायला लागलं. धर्माजींचं डोकं डाव्या अंगाला चपटंच होतं. माणूस श्रावणात गेला, आता वैशाख लागला, वर्षश्राद्धाचं ठरवायची वेळ आली, आणि डोकं आपलं घरातच बसलेलं. शेवटच्या घोटाबरोबर साय आली ती कृष्णकांतच्या टाळूला चिकटली. थुंकावी तर अंगणात त्याची आई, माई, तुळशीपाशी उभी. त्यानं ती गिळली. गेल्या वर्षभरात आपण जे जे गिळलं त्यात ही सायच काय ती पचण्यासारखी होती, असं त्याला वाटून गेलं.

निळा हा तिसरा रंग होता. चुन्यात नीळ टाकायची ही युक्ती साहेबांची. समुद्राकाठी अणूची वीज करायचा प्रकल्प उभा राहत होता, तिथं नकाशांच्या प्रती काढायच्या खोलीत कृष्णकांत कामाला होता. दिवसभर अमोनियाच्या वाफेत उभं राहायचं. त्या वासाला मुतारीचा वास म्हणावं तर मुतारीचा अपमान. साहेब अमेरिकेत शिकून आले होते आणि तिथून त्यांनी घराची मनःस्थिती नावाची एक वस्तू आणली होती. घराची मनःस्थिती म्हणे भिंतीत असते. निळा रंग शांत करतो, पिवळ्यानं भूक वाढते, हिरव्यानं डोळे निवतात, गुलाबी खोलीत भांडण होत नाही. "आणि तपकिरी, साहेब?" कृष्णकांतनं विचारलं होतं. "तपकिरी कोणी लावत नाही," साहेब म्हणाले. सगळं प्रकल्पाचं गाव त्या वेळी असल्या थाटात बोलत असे. ज्यांच्या घरात अजून कंदील जळत होते ते लोक बस थांब्यावर अणू कसा फुटतो ते एकमेकांना हातवारे करून सांगत. भिंतीनं माणूस सुधारतो हे त्या मानानं साधं होतं.

म्हणून आधी नुसता पांढरा. डोकं दोन दिवसांत वर. मग पालघरच्या बाजारातून गुलाबी भुकटी आणली. ती सरसात कालवायची. सरस म्हणजे हाडं-कातडी उकळून केलेला डिंक, हे माईला कळलं तेव्हा ती चूल घेऊन पडवीत गेली आणि भिंत वाळेपर्यंत तिथंच रांधत राहिली. गुलाबी भिंतीत डोकं आलं ते तर सोललेल्या गुडघ्यासारखं दिसायला लागलं. गुलाबी खोलीत भांडण होत नाही हे मात्र खरं निघालं, कारण त्या खोलीत बसायलाच कोणी तयार होईना. ऑफिसातले लोकही त्या सुमारास चेकाळले होते. पांढऱ्याच्या वेळी एकानं विचारलं, काय रे, मानेला पावडर लावतात, तू डोक्याला लावतोस काय. गुलाबीच्या वेळी दुसरा म्हणाला, कृष्णकांताची होळी अजून संपली नाय वाटते. भिंत रंगवताना उडतो थोडा, असं म्हणून त्यानं सोडून दिलं. माणसाला हसायला काहीतरी लागतं, आणि अमोनियाच्या खोलीत ते फार थोडं मिळतं.

खरी गोष्ट शालूची होती. कृष्णकांतची बायको शालू मनोरची. धर्माजी गेले तेव्हा तिला तिसरा महिना होता, आणि जेवायला ती बसायची ती नेमकी त्या भिंतीच्या समोर. एके दिवशी ताटात वालाचं बिरडं होतं. तिनं घास उचलला, समोर पाहिलं, आणि घास परत ताटात ठेवला. मग उठून मोरीवर गेली. परत आली तेव्हा ओठ पुशीत म्हणाली, "ते माझ्याकडे बघतंय."

"डाग आहे तो. डागाला डोळे नसतात."

"पाठमोरं आहे म्हणून डोळे दिसत नाहीत. आहेत पलीकडे."

हे बोलणं त्याच्या मनात रुतून बसलं, कारण ते बरोबर होतं. भिंतीवर टेकतो तो माणसाचा मागचा भाग. म्हणजे तोंड आपल्याकडे असायला हवं. पण माणूस काढून घेतल्यावर फक्त पाठ उरते, आणि वाटत राहतं, की भिंतीच्या आत कोणीतरी आपल्याकडे पाठ करून बसलंय, आणि कधीतरी वळेल. बाळंतपणाला मनोरला जाताना शालूनं बैलगाडीत चढण्यापूर्वी सांगितलं, आवाज न चढवता, लुगड्याचा काठ नीट करीत: "अहो, ते डोकं त्या खोलीत आहे तोवर मी पोर घेऊन तिथं निजायची नाही. मला काही भांडायचं नाही. मी मनोरलाच बरी आहे." माघात मुलगा झाला. बारसं मनोरला झालं. कृष्णकांत गेला, पेढा खाल्ला, मुलाकडे पाहिलं. मुलाच्या डोक्याखाली राईची उशी होती, डोकं गोल यावं म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "डावीकडं जरा चपटं वाटतंय, येईल गोल." त्याला पेढा वर आल्यासारखा झाला. आता शालूचा निरोप आला होता: उद्या मामा मनोरहून गाडी जोडणार आहेत. खोली बघीन, मग गाडी सोडायची की तशीच वळवायची ते ठरवीन. मनोरची माणसं शब्दाची पक्की. गाडी वळवायला अंगणात जागाही भरपूर.

धर्माजींनी त्या भिंतीला बसून केलं काय, हा प्रश्न कृष्णकांतनं लहानपणापासून स्वतःला विचारला होता. वाडी होती, नारळ होते, चिकूची झाडं होती. ती सगळी माई आणि गडी बघत. धर्माजी सकाळी घोंगडीवर बसत, डोकं भिंतीला टेकवत, आणि संध्याकाळी काढत. मधल्या वेळात ढेकर देत. ढेकर तीन तऱ्हेचे: जेवण झाल्याचा, जेवण व्हायचं असल्याचा, आणि एक कशाचाच नसलेला, तो सर्वांत लांब. बोलणं नाहीच. मुलाशी त्यांचा संबंध दिवसातून एकदा यायचा, दिवेलागणीनंतर. "तेल," ते म्हणत. मग कृष्णकांतनं वाटीत खोबरेल घ्यायचं, घोंगडीमागे गुडघ्यावर उभं राहायचं आणि ते डोकं चोळायचं. घरच्या घाण्यावरचं तेल, उन्हाळ्यात खवट, हिवाळ्यात गोठलेलं, मेणबत्ती चोळल्यासारखं. टाळूवर कोंडा, कोंड्याच्या गोळ्या, बोटांच्या पेरांत अडकणारे केस. आणि केसांखाली ते हाड. डावीकडे हात गेला की तळवा एकदम सपाटीवर यायचा, उतरणीवर पायरी चुकावी तसा. नंतर तो मागल्या दारी राखेनं हात घासायचा, मग चिंचेनं, मग पुन्हा राखेनं. आणि तरी जेवताना घास तोंडाजवळ आला की बोटांना बापाचा वास. भात बापाचा, आमटी बापाची, ताकसुद्धा बापाचं. मॅट्रिकच्या वर्षी अभ्यासाचं कारण सांगून त्यानं तेल सोडलं. त्या दिवसापासून ते स्वतःच वाटी डोक्यावर ओतून घेत, चोळत नसत, आणि डोकं भिंतीला टेकवत. भिंत तेल प्यायला लागली ती तेव्हापासून. हे आठवलं की कृष्णकांतला आपल्या घराचीच नव्हे तर आपल्या आठवणशक्तीचीही किळस येई. एवढं सगळं लक्षात ठेवण्याऐवजी तिनं चार समीकरणं लक्षात ठेवली असती तर तो ओव्हरसियर झाला असता.

आणि धर्माजी गेले तेव्हा त्यानं केस दिले नाहीत. बायको गरोदर असताना नवऱ्यानं डोक्याला वस्तरा लावू नये, असं त्यानं भटजींना ऐकवलं. भटजी म्हणाले, ते खरं, पण आईबाप गेले तर चालतं, नव्हे, करायलाच हवं. पहिला अर्धा भाग कृष्णकांतला इतका पटला होता की दुसरा अर्धा त्यानं ऐकलाच नाही. शेवटी चुलतभावानं डोकं केलं. गावाजवळच्या दांडीच्या किनाऱ्यावर सुकट वाळत होती, तिच्या वासात ते सगळं झालं, आणि कृष्णकांत आपल्या केसांत बोटं घालून उभा राहिला. खरं कारण त्यानं कोणाला सांगितलं नाही. वस्तरा फिरला असता तर खाली काय निघालं असतं ते त्याला ठाऊक होतं. आंघोळीच्या वेळी त्याचा तळवा डावीकडे गेला की पायरी चुकायची.

निळ्यातून डोकं वर आलं त्या सकाळी त्याला माईचा संशय आला. मेलेल्या माणसाचं तेल आटायला हवं, विटायला हवं. हे तर रंगागणिक ताजं होत होतं. बोट लावलं तर बोट ओलं. अंगणातून आत येणाऱ्या माईला त्यानं उंबऱ्यातच गाठलं आणि तिचा हात धरून हुंगला. तुळस, शेण, राख.

"काय करतोस?" माई म्हणाली.

"माई, खरं सांग. तू तेल लावतेस त्याला?"

"कोणाला?"

"भिंतीला."

माईनं हात सोडवून घेतला. "तुज्या बापाला मी जितेपणी कदी तेल लावलं नाय. भिंतीला लावतंय आता?"

"मग ओलं कसं?"

"आमाला इचारतोस?" माई म्हणाली आणि त्याच्या डोक्याच्या मागे कुठंतरी बघितल्यासारखं करून चुलीकडे गेली. माईची ही सवय होती. समोरच्याशी बोलताना ती त्याच्या मागे कोणी उभं असल्यासारखी बघे. धर्माजींच्या मागे भिंत होती, म्हणून लागली असेल.

पुंजाराम जालन्याकडचा. प्रकल्पावर नळांना रंग देण्याच्या कामावर होता आणि बोईसरला चार जणांत खोली करून राहत असे. त्याला बोलावण्यात साहेबांचा हात होता. नीळ सुचवतानाच ते म्हणाले होते, डाग परत आला तर समज, चुन्यानं तेल मरत नाही, तेलाला तेलरंगच मारतो. हिरवा लाव, डोळे निवतील. त्या सकाळी यायला त्याला आधीच सांगून ठेवलं होतं; ऑफिसला जाण्यापूर्वी कृष्णकांतनं त्याला भिंतीसमोर उभं केलं. पुंजारामनं डाग बघितला, नाक जवळ नेलं, मागे घेतलं.

"सायेब, हितून काय जातंय?"

"कुठून?"

"ह्या भितीतून. पानी जातंय का वाफ? पान्याला हिरवा, वाफंला वेगळा असतोय."

"काही जात नाही. भिंत आहे ती. मागे न्हाणी आहे."

"म्हंजे पानीच," पुंजाराम समाधानानं म्हणाला आणि डबा उघडला. तेलरंगाचा वास भपकन वर आला, जवस आणि रॉकेल आणि कुजकं नारळपाणी एकत्र केल्यासारखा. कृष्णकांत सायकलवर बसला ते नाक धरूनच. त्या दिवशी अमोनिया त्याला चंदनासारखा वाटला.

संध्याकाळी परतला तेव्हा पुंजाराम गेलेला होता आणि भिंत हिरवी होती. अशी हिरवी, की तिच्यापुढे अंगणातली केळ आजारी वाटावी. डोकं नव्हतं. तो जवळ गेला, बाजूनं बघितलं, कंदील वर धरून बघितलं. खरंच नव्हतं. फक्त भिंतीच्या मधोमध, पाहणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर, हातभर लांबीचा एक पांढराशुभ्र बाण होता. उजवीकडून डावीकडे, न्हाणीतून स्वयंपाकघराकडे.

"बाण कसला?" त्यानं विचारलं.

"त्यानं काडला," माई म्हणाली. "मी इचारलं, तर म्हनला पानी कुठं जातंय ते दिसाया नको काय. मंग मी काय बोलणार. शिकलेला दिसला."

कृष्णकांतला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण बाणाखालची भिंत रिकामी होती, आणि ती रिकामी आहे या गोष्टीनं त्याच्या अंगातून एकदम शीण वाहून गेला. उद्या शालू येईल. बाण बघून नाक मुरडेल, पण बाणाला डोळे नसतात, पुढेही नाहीत आणि मागेही. गाडी सोडली जाईल. राईची उशी या खोलीत येईल. खोली एकदा नीट, सगळी मिळून, बघायला हवी. घराची मनःस्थिती एका कोपऱ्यातून कळत नाही, असं साहेबांचं म्हणणं. माणूस जिथं बसतो तिथून बघावी. त्यानं सदरा काढून खुंटीला लावला. घोंगडी अंथरली. रोज संध्याकाळी तो खोली अशीच बघत आला होता. पांढरी होती तेव्हाही, गुलाबी होती तेव्हाही, त्याच्याही आधी, तेराव्यापासून. कारण सोपं होतं. तिथून तीनही भिंती दिसतात, दार दिसतं, माई दिसते, आणि वैशाखातसुद्धा तिथं बरं वाटतं. न्हाणीच्या ओलीनं ती भिंत गार असते. बापानं आयुष्यभर ही एवढीच अक्कल चालवली असणार. त्यानं पाय पसरले, पोटातून एक लांब ढेकर दिला, कशाचाच नसलेला, आणि डोकं मागे टेकवलं.

ते टेकलं आणि चिकटलं.

गार, घट्ट, कवडी दह्यात डोकं बुडवावं तसं. त्यानं हिसका दिला तेव्हा कानामागे केस तडतडले. भिंतीपासून सुटताना एक ओला आवाज झाला, कोणीतरी तोंड उघडल्यासारखा. तो हलला नाही. तीन भिंती दिसत होत्या. चौथी दिसत नव्हती, कधीच दिसली नव्हती, कारण ती पाठीशी होती. हात मागे नेला तो हिरवा होऊन आला आणि हिरव्यात खोबरेलाचा वास होता. त्याचं स्वतःचं खोबरेल. सकाळी आंघोळीनंतर तो ओंजळभर घेत असे, चोळत नसे, वेळ नसे. पांढरी पावडर, गुलाबी होळी. बोट लावलं तर बोट ओलं. वळून बघायला त्याला बराच वेळ लागला. बाणाच्या जरा खाली, बसलेल्या माणसाचं डोकं जिथं टेकतं बरोबर त्या उंचीवर, हिरव्यात एक गोल खळगा पडला होता, त्यात काळे केस रोवले गेले होते, आणि डाव्या अंगाला तो चपटा होता.

त्याला उलटी आली. मोरीपर्यंत तो पोचला. उलटीत काही नव्हतं, तोंडाला फक्त सायीची चव आली. सकाळची.

"तू बघत होतीस," मोरीच्या दारातून तो माईला म्हणाला. "रोज."

"व्हय."

"मग सांगितलं का नाहीस?"

माईनं भाताच्या पातेल्यावरचं झाकण सरकवलं, आत बघितलं, परत झाकलं. "कोण तरी बसलंय, असं वाटायचं," ती म्हणाली. "मी रांधताना पाटीमागं. मंग नाय बोलले."

रॉकेलनं हात निघाले. डोकं निघालं नाही. शिकेकाई, राख, चिंच, सगळं झालं. हिरवं आणखी खोल गेलं आणि केसांत फणी घालता येईना अशी ढेप झाली. तो पालथा निजला, कारण उशी खराब झाली असती. उजाडलं तेव्हा अंगणात न्हावी बसला होता. जिवल्याला माईनंच बोलावणं धाडलं होतं. त्यानं कृष्णकांतचं डोकं दोन्ही हातांनी धरून प्रकाशाकडे वळवलं, कलिंगड बघावं तसं.

"कातर चालायची नाय," जिवल्या म्हणाला. "समदंच काडाया लागंल."

"काड," माई म्हणाली. "तवा नाय काडलंस, आता काड."

पाटावर तो पूर्वेकडे तोंड करून बसला. जिवल्याच्या बोटांना तंबाखूचा वास होता, साबणाला चरबीचा, तुरटीच्या खड्यावर आदल्या कोणाचा तरी केस. प्रत्येक गोष्टीची किळस त्याला वेगवेगळी आली, नीट, शिस्तीत, ओळखीच्या माणसांनी एकेक करून भेटायला यावं तशी. वस्तरा कपाळापासून मागे गेला. मांडीवर हिरवा पुंजका पडला. मग दुसरा. डावीकडे जिवल्याचा अंगठा आला, थांबला, सपाटीवर एकदा मागेपुढे फिरला.

"धर्माजीचंच," जिवल्या म्हणाला, आणि वस्तरा तिथं तिरका धरला, जसा वर्षानुवर्षं तिथं धरत आला असावा. कृष्णकांतच्या डोळ्यांतून पाणी आलं. साबण गेला असेल. दोन्ही डोळ्यांत गेला असेल.

अर्धं डोकं झालं होतं तेव्हा गाडीची चाकं वाजली. मामांनी बैल थांबवले, पण सोडले नाहीत. शालू पुढच्या बाजूनं उतरली, खांद्याशी मूल, मुलाला टोपडं. तिनं अंगणातला पाट बघितला, पाण्याचा तांब्या बघितला, वस्तरा बघितला. नवऱ्याचं डोकं बघितलं, एका बाजूला उघडं आणि एका बाजूला हिरवं. तिचा हात आपोआप पदराकडे गेला आणि तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"माई," ती हळू म्हणाली. "कोण गेलं?"

"तुजा सासरा," माई म्हणाली.

मामा बैलांच्या वेसणी धरून शालूकडे बघत होते. मग तिनं पायातल्या वहाणा काढल्या, तांब्यातलं पाणी पायांवर घेतलं, आणि मुलाचं डोकं हातानं झाकून आत गेली. कृष्णकांतला वळून बघायचं होतं, पण जिवल्यानं त्याची मान खाली दाबली होती. त्याला फक्त स्वतःच्या मांडीवरचे हिरवे केस दिसत होते. आतून मूल कुरकुरल्यासारखं ऐकू आलं, मग थांबलं.

"अहो," आतून शालूचा आवाज आला. "हा बाण कशाला काढलाय?"

मामांनी बैल सोडायला घेतले. कृष्णकांतनं तोंड उघडलं, पण उत्तर द्यायला मान वर करावी लागली असती, आणि जिवल्या म्हणाला, "हालू नको. मागचं ऱ्हायलंय."